खांद्याची वेदना आणि श्वासाचे मोल

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन दोन मार्गांनी विकसित झाले. १९७० मध्ये विनी यांनी मानेच्या स्नायूंमधून बाहूचे मज्जातंतुजाल बधिर करण्याची रीत मांडली. ती प्रभावी खरी. परंतु पूर्ण मात्रेत त्या बाजूचे श्वासपटल बहुधा लुळे पडते. रोव्हेनस्टाइन व वर्टहाइम यांनी १९४१ मध्ये वर्णिलेली फऱ्यावरील मज्जातंतूची रीत श्वास राखते, पण सांध्याचा काही भाग जागा ठेवते. म्हणून पुढे तिला काखेकडील मज्जातंतूची जोड मिळाली.

२०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभलेल्या गोंदिया जिल्ह्यात हा भेद रुग्णास सांगताना ‘भूल’ हा रूढ शब्द अपुरा ठरतो. भूल म्हणजे भान हरपणे. येथे केवळ अवयव बधिर होतो. दुर्बल फुप्फुसांच्या रुग्णास श्वासाचे मोल आधी कळले, तरच त्याची संमती खरी म्हणावी लागेल.