सुईणीच्या शाळेची गोष्ट

१९८६ साली मी अमेरिकेत आले तेव्हा माझ्या नावापुढे दोन बिरुदं होती: आर.एन. आणि आर.एम., म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका. आपल्याकडे दोन्ही एकाच शिक्षणात मिळत. इथली परीक्षा देऊन पहिलं बिरुद परत मिळवलं. दुसऱ्याला मात्र कुणी विचारलंच नाही. स्वतःच्या हाताने केलेल्या वीस बाळंतपणांची नोंदवही कपाटातच राहिली. असं का, हे शोधताना हा इतिहास हाती लागला.

आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या स्त्रिया, त्यात कितीतरी विधवा, लोकांची बोलणी सोसत ससून रुग्णालयात शिकायला जात. नर्स आणि सुईण या वाटा आपल्याकडे पुढे एक झाल्या.

अमेरिकेत मात्र सुईणींना डॉक्टरांनी अडाणी ठरवून बाजूला सारलं होतं. मेरी ब्रेकिन्रिज या नर्सला हे शास्त्र शिकायला थेट इंग्लंड गाठावं लागलं. तिथे १९०२ च्या कायद्याने सुईणींचं प्रशिक्षण आणि नोंदणी सुरू झाली होती. परत येऊन १९२५ साली तिने केंटकीच्या डोंगराळ भागात काम उभं केलं. तिच्या नर्सेस घोड्यावरून, ओढे ओलांडत बाळंतिणीच्या घरी पोहोचत. त्यांतल्या बऱ्याच जणी ब्रिटनमध्ये शिकलेल्या. १९३९ साली महायुद्ध पेटलं, ब्रिटिश नर्सेस मायदेशी परतू लागल्या, तेव्हा केंटकीतच शाळा काढावी लागली. न्यूयॉर्कमध्ये अशी शाळा १९३२ साली निघालीच होती. १९४१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला कृष्णवर्णीय नर्सेससाठी निघाली. १९५५ साली नर्स-मिडवाइफची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि हळूहळू शिक्षण विद्यापीठांत गेलं.

म्हणजे इथे सुईणपण हे नर्सच्या शिक्षणावर चढवलेला वेगळा मजला आहे. आधी आर.एन., मग मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, राष्ट्रीय परीक्षा आणि शेवटी राज्याचा परवाना. २०१० पासून नव्याने येणाऱ्यांना पदव्युत्तर पदवीही लागते. भारतानेही २०१८ साली नर्सेससाठी दीड वर्षाचं खास प्रसाविका-प्रशिक्षण आखलं.

संसार, रात्रपाळी आणि मुलांच्या शाळा यांत मला तो मजला चढता आला नाही. त्याची खंत आहे. म्हणून मंडळातल्या ज्या मुली नर्सिंगला जात आहेत, किंवा ज्या सुना भारतातून शिकून येत आहेत, त्यांना एवढंच सांगते: आल्या आल्या चौकशी करा, "नंतर बघू" म्हणू नका. माझी वही बघायची असेल तर घरी या. चहा माझ्याकडून!