गोळीत मिटलेलं पान

काचेच्या कपात मिरीपेक्षा जराशा मोठ्या, गडद हिरव्या सात-आठ गोळ्या टाकल्या आणि वर गरम पाणी ओतलं. दोन-तीन मिनिटांत त्या उलगडल्या. आत देठासकट अख्खी पानं होती! मी चहा प्यायचा विसरून बघत बसलो.

आपल्या डब्यातली चहा पावडरही दाणेदारच असते. पण ती सीटीसी, म्हणजे १९३०च्या दशकात आसामात आलेली पद्धत. त्यात दातेरी रूळ पानाच्या चिंध्या करतात. मग हे पान न फाटता गोळी कसं झालं?

उत्तर शोधत मी तैवानला पोचलो. १८६९मध्ये जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याने तिथून दोन जहाजं भरून ऊलाँग थेट न्यूयॉर्कला पाठवला. तो लांबट, पीळदार पानांचा होता. पुढची शंभर वर्षं तैवानचा चहा मुख्यतः परक्यांसाठीच बनला. अमेरिकेसाठी ऊलाँग, जपानी राजवटीत काळा चहाही, नंतर उत्तर आफ्रिकेसाठी हिरवा. काय बनवायचं ते दूरचं गिऱ्हाईक ठरवायचं.

गोळीची रीत मात्र चीनमधल्या आन्शीची, तिथून आलेल्या लोकांनी आणलेली. खुडलेली पानं आधी उन्हात मलूल होऊ देतात. मग रात्रभर घरात थोड्या थोड्या वेळाने हलवतात. कडा दुखावल्या की तिथून पान लालसर होऊ लागतं आणि फुलासारखा वास सुटतो. हवा तेवढा वास आला की तापलेल्या पिंपात फिरवून ते बदलणं थांबवतात. कधी थांबायचं, हे नाकच सांगतं.

खरी मेहनत त्यापुढे. अर्धवट वाळलेली पानं फडक्यात घट्ट बांधून गाठोडं करायचं, ते रगडायचं, सोडायचं, पानं मोकळी करायची, पुन्हा ऊब द्यायची, पुन्हा बांधायचं. असं कितीतरी वेळा. पूर्वी हे हातापायांनी चाले. गाठोडं पायाखाली घेऊन मळणारी माणसं डोळ्यासमोर आणली, की त्या इवल्या गोळीचं वजन कळतं.

१९७०च्या दशकात मजुरी वाढली, निर्यात परवडेना. मग तैवानने आपल्याच माणसांना चहा पाजायचं ठरवलं. १९७६मध्ये लुगू गावात डोंगडिंग ऊलाँगची स्पर्धा सुरू झाली. बक्षीस मिळालेल्या चहाला चढा भाव येऊ लागला. १९८२मध्ये चहा बनवण्यावरचे जुने सरकारी निर्बंध उठले आणि शेतकरी कुटुंबं स्वतःच्या छोट्या कारखान्यात चहा बनवून स्वतः विकू लागली. फडकं आवळायला आणि रगडायला यंत्रं आली, तशी गोळी आणखी घट्ट झाली. फडकं मात्र अजून तेच आहे.

शंभर वर्षं जो चहा बोटीत बसून जात होता, तो असा घरी परतला. मी त्याच पानांवर दुसरं पाणी ओततो. ती अजून पुरती उलगडायची आहेत.