मल्लखांब : उगम आणि परंपरा

श्रोतेहो, मल्लखांबाची विद्या प्रत्यक्ष मारुतिरायानें दिली, ही कथा आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत निजामाच्या मुलखांतून अली आणि गुलाब नांवाचे दोन पहिलवान पुण्यास आले व त्यांनीं पेशव्यांच्या मल्लांस आव्हान दिलें. कोणी पुढें होईना. तेव्हां बाळंभटदादा देवधर या तरुणानें कांहीं दिवसांची मुदत मागून घेतली, सप्तशृंगीच्या गडावर जाऊन देवीची आराधना केली, आणि तेथें हनुमंतानें त्यास लांकडी खांबावर डाव दाखविले. परत येऊन त्यानें अलीला चीत केलें; गुलाब तर आखाड्यांत उतरलाच नाहीं. इतिहासाच्या तासाला ही गोष्ट मीं अनेकदां सांगितली आहे. मुलांना सनावळीपेक्षां मारुति लवकर समजतो, हा शिक्षकाचा अनुभव.

परंतु खांबावरील मेहनत बाळंभटदादांच्या पूर्वीं कित्येक शतकें आपल्या देशांत ठाऊक होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांतील मल्लविनोदाच्या प्रकरणांत मल्लांनीं करावयाचे श्रम सांगतांना स्तंभश्रमाचाही उल्लेख येतो.

मग बाळंभटदादांचें श्रेय तें कोणतें? माझ्या मतें तें दृष्टांताहून मोठें आहे. कुस्तीची पूर्वतयारी म्हणून जें होतें, त्यास त्यांनीं स्वतंत्र विद्येचें रूप दिलें आणि ती पुढें नेणारे शिष्य तयार केले. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, बाजीराव गंगाकांठीं ब्रह्मावर्तास गेले आणि त्यांच्या मागोमाग ही विद्याही उत्तरेस गेली. काशीसारख्या क्षेत्रांत तिचे आखाडे झाले. नारायणगुरु देवधर, कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरु मोघे हीं त्या परंपरेंतील नांवें. अली आणि गुलाब यांचीं नांवें आज शाळकरी मुलासही पाठ असतात. हीं तीन नांवें किती जणांनीं ऐकलीं असतील?

चीन देशांतही असाच प्रकार झालेला आहे. तेथें ताई-ची नांवाची एक मल्लविद्या आहे. तींत स्नायूंच्या जोरापेक्षां श्वास, तोल आणि मनाची स्थिरता यांवर भर असतो, म्हणून तिला ते अंतरंग विद्या म्हणतात. वूतांग पर्वतावरील चांग सान-फंग या सिद्धपुरुषानें पक्षी व सर्प यांची झुंज पाहून ती निर्माण केली, अशी तिकडील आख्यायिका. परंतु १९३० च्या सुमारास थांग हाओ या संशोधकानें होनान प्रांतांतील चेन घराण्याच्या खेड्यांत जाऊन जुने कागद तपासले आणि सतराव्या शतकांतील चेन वांग-थिंग या लढवय्याकडे तिचें श्रेय दिलें. त्याच खेड्यांत शिकून यांग लू-चान यानें एकोणिसाव्या शतकांत ती पेकिंग शहरीं नेली. पुढें चेन, यांग, वू, सुन अशा शाखा झाल्या. येथें एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. चिनी शाखांस गुरूंच्या कुळाचें नांव चिकटलें, म्हणून गुरु स्मरणांत राहिले. आपल्या मल्लखांबाचे प्रकार ओळखले जातात ते साधनावरून : पुरलेला, टांगता आणि दोरीचा. खांबाचें नांव राहिलें, शिकविणाऱ्याचें गेलें.

यांतील पुरलेला मल्लखांब हा मूळचा. शिसवीचा अथवा सागाचा, जमिनीवर सुमारें साडेआठ फूट उंच, बुडाशीं जाड व वर निमुळता. अंग, मान आणि बोंड असे त्याचे तीन भाग. त्यास एरंडेल चोळतात. मल्लाच्या दृष्टीनें तो उभा राहिलेला जोडीदारच. मात्र हा जोडीदार थकत नाहीं. हातांनीं खांब धरून पाय वर टाकावयाचे आणि मांड्यांनीं तो आवळावयाचा, ती अढी. ही एक पकड पक्की झाली कीं पुढचें सारें साधतें : तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, सुईदोरा, झापा, उड्या. येथें दंडाची बळजोरी फारशी चालत नाहीं. घाबरून श्वास कोंडणारा मुलगा लगेच घसरतो, हें मीं पटांगणावर डोळ्यांनीं पाहिलें आहे. टांगता मल्लखांब आंखूड असून सांखळीनें टांगलेला असतो; तो झोके घेतो, स्वतःभोंवतीं फिरतो, त्यामुळें तेथें तोलाची कसोटी. तिसऱ्या प्रकारांत पूर्वीं वेत वापरीत. चांगला वेत मिळेनासा झाल्यावर सुती दोर आला. पायाचा अंगठा व शेजारचें बोट यांच्या बेचक्यांत दोर धरून वर जावयाचें आणि कोठेंही गांठ न मारतां आसनें करावयाचीं. मुलींनीं हा प्रकार फार उत्तम आत्मसात केला आहे.

आमच्या वऱ्हाडांत या विद्येस थारा दिला तो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें. वैद्य बंधूंनीं तें १९१४ सालीं स्थापन केलें, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं त्याच्या पथकानें देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें जर्मनांस दाखविलीं. पुढें मध्य प्रदेशानें २०१३ सालीं मल्लखांबास राज्याचा खेळ ठरविलें, आणि २०१९ सालीं मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली.

नळगंगेकांठच्या आमच्या मलकापुरांत मला अढी शिकविली ती शाळेच्या एका शिपायानें. शाळा सुटल्यावर तो स्वतः खांबास तेल लावी आणि आम्हां मुलांस एकेक करून वर चढवी. तो कोणापाशीं शिकला, त्याचे गुरु अमरावतीचे कीं बऱ्हाणपूरचे, हें आज सांगणारें कोणी नाहीं. आपल्या गांवीं असा कोणी वृद्ध वस्ताद असल्यास, श्रोतेहो, त्यास कोणी शिकविलें, कोणत्या सालीं, आणि पहिली पकड कोणती दिली, एवढें विचारून वहींत उतरून घ्यावें.