भोंगा, झोप आणि सुई

गेल्या हळदीकुंकवाच्या दिवशी चार-पाच जणी गप्पा मारीत बसलो असता गोष्ट झोपेवर आली. एकीला दोन वाजता जाग येते, दुसरीला मुळी डोळाच लागत नाही, तिसरी गोळीवाचून पाठ टेकीत नाही. मी म्हणाले, "मी सुया टोचून घेतल्या." सगळ्या हसल्या. मग एकीने विचारले, "ही चिनी सुई आपल्या परळ-दादरला आणली कोणी?" तेव्हा मला नीट सांगता आले नाही. पुढे शोधून वाचले. स्मरणिकेसाठी काही लिहा असा चिटणीसबाईंचा तगादा होताच, म्हणून ते येथे मांडते.

पण सुईच्या आधी भोंग्याची हकीगत सांगणे भाग आहे. आपल्या भागात झोप ही कधीच ज्याची त्याची नव्हती. ती गिरणीची होती.

माझे बालपण लालबागच्या एका चाळीत गेले. वडील साचेखात्यात. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. वडिलांना बरीच वर्षे रातपाळी होती. सकाळी ते घरी येत, अंगावरचा कापूस झटकीत, आंघोळ करून भाकरी खात आणि खोलीतल्या एकुलत्या एका खाटेवर आडवे होत. मग आम्हां भावंडांचे तोंड दाबले जाई. पाटी आपटली तरी आई डोळे वटारी. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसा झोपणारे माणूस असले म्हणजे घर कसे चालते, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच कळेल. शेजारच्या गाळ्यात गावाकडचे वीसएक पुरुष राहत. ते पाळीपाळीने झोपत. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरे.

आई खानावळ चालवी. अकरा मेंबर होते, सगळे साताऱ्याकडचे. नळाला पाणी यायचे पहाटे चारला, तासभर टिकायचे. म्हणून ती साडेतीनलाच उठून कळशा लावी, मग स्टोव्ह पेटवी. रात्री बाराच्या पाळीला जाणाऱ्यांचे जेवण होऊन भांडी घासून पडेपर्यंत साडेबारा होत. ती झोपायची केव्हा, हे आम्ही कोणी कधी विचारले नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी. सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळू लागले, हा त्यातला मोठा दिलासा होता. झोपेचे कर्ज मात्र कोणत्या बँकेत फिटणार!

इतिहास पाहिला तर कामगारांची विश्रांतीसाठीची झुंज मुंबईत फार जुनी आहे. ताडदेवची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. तेव्हा दिवस सूर्याबरोबर उगवे आणि मावळे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची बाजू लावून धरली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी पदरात पडली. इतक्यात गिरण्यांत विजेचे दिवे आले. झाले, सूर्य मावळला तरी साचे थांबेनात. विसाव्या शतकाच्या आरंभी कामाचे तास तेरा-चौदापर्यंत गेले. १९११ च्या कायद्याने पुरुषांचा दिवस बारा तासांवर आला. बायकांना रात्री गिरणीत राबवू नये, असे निर्बंध त्याआधीच, १८९१ पासून, येऊ लागले होते. घरातल्या रातपाळीला मात्र कोणताही कायदा लागू झाला नाही, हे जाता जाता सांगते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. आम्हांला वाटले, वडील आता तरी पोटभर झोपतील. घडले उलटेच. रात्री अकराला ते उठून बसत, सदरा चढवीत, दाराशी जाऊन परत येत. दिवसा पडावे तर झोप नाही, रात्री पडावे तर झोप नाही. आईने जायफळ उगाळून दुधातून दिले, खसखशीची खीर केली, काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळले. उपाय वाईट नव्हते. पण ज्या माणसाचे काम गेले, त्याची झोप तुपाने कशी यावी? वडील संपानंतर चार वर्षांनी गेले. त्या चार वर्षांत ते सलग पाच तास झोपलेले मला आठवत नाहीत.

माझी स्वतःची झोप गेली ती पन्नाशीनंतर, मिस्टर वारल्यावर. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. "पंधरा दिवस घ्या," म्हणाले आणि पुढे तीच चिठ्ठी तीन वर्षे चालली. सकाळी डोके जड, नाव घ्यायला जावे तर आठवू नये. शेवटी भाचीने दादरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्या एम.बी.बी.एस. होत्याच, वर सुयांचे शास्त्र शिकलेल्या. त्यांच्या भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता, हार घातलेला. मी विचारले, "हे आपले वडील का?" बाई म्हणाल्या, "हे डॉक्टर कोटणीस."

नाव ऐकले होते ते सिनेमामुळे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला, आपल्या परळच्या राजकमल कलामंदिरात. आणि गंमत अशी की, खरे द्वारकानाथ कोटणीस वैद्यकी शिकले तेही परळलाच, के.ई.एम. रुग्णालयाच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात. कॉलेजातून स्टुडिओत चालत जावे इतके ते अंतर.

कोटणीस मूळचे सोलापूरचे, जन्म १० ऑक्टोबर १९१०. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक मदतीला धाडले. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले. पुढारी अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. वडील वारल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली, तरी ते परतले नाहीत. १९४० च्या एका लढाईत ते बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया करीत राहिले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे त्यांनी तेथील क्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले, मुलगा झाला, आणि मूल काही महिन्यांचे असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, फेफऱ्याच्या झटक्यांनी ते गेले. वय अवघे बत्तीस. फेफऱ्याच्या रोग्याला जागरण घातक असते, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. ते वाचताना मला वडिलांचे तारवटलेले डोळे दिसले.

कोटणिसांनी ही सुई भारतात आणली असे पुष्कळ लोक समजतात. मीही तसेच समजत होते. ते बरोबर नाही. कोटणीस सर्जन होते आणि ते परत आलेच नाहीत. सुई आणली ती त्यांचे सोबती डॉ. विजयकुमार बसू यांनी. बसू १९४३ साली मायदेशी आले. पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा वापर करू लागले. मित्राच्या नावाने चालणाऱ्या कोटणीस स्मृती समितीमार्फत तिचा प्रसार झाला. म्हणून मराठी माणसाचा फोटो आणि बंगाली माणसाची विद्या एकाच भिंतीवर नांदते.

आणखी एक नाव भगिनींनी लक्षात ठेवावे. चीनमध्ये ही विद्या दोन हजार वर्षांची असली तरी मध्यंतरी तिची अवस्था वाईट होती. १८२२ साली बादशहाने ती राजवैद्यांच्या शाळेतून काढून टाकली. १९२९ मध्ये तर सगळ्याच जुन्या वैद्यकावर बंदी घालण्याचा घाट घातला गेला. येनान येथे १९४५ च्या सुमारास पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या काही डॉक्टरांनी एका जुन्या वैद्याकडून ती शिकून घेतली. त्यांत चू ल्येन नावाची एक डॉक्टरीण होती. १९५१ साली तिने नव्या पद्धतीचे पुस्तक लिहिले. पुढे १९७१ मध्ये जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराने पेकिंगच्या रुग्णालयातला आपला अनुभव छापला आणि पाश्चात्त्यांचे डोळे उघडले.

आता प्रत्यक्ष उपचार. मला मोठ्या दाभणाची भीती होती. सुई निघाली केसासारखी. टोचताना मुंगी चावल्यागत वाटते, मग थोडे जड जड. एक मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला. त्या जागेचे चिनी नाव शेनमेन, म्हणजे चित्ताचे दार. एक पायाच्या आतल्या घोट्यावर चार बोटे. एक कानामागे. सुया लावून बाई दिवा मंद करीत आणि अर्धा तास निघून जात. आठवड्यातून दोनदा, अशी बारा वेळा गेले. चौथ्या खेपेपासून झोप लांबू लागली. गोळी मात्र बाईंनी एकदम बंद केली नाही. दोन महिन्यांत पाव पाव करीत उतरवली. हे सर्वांनी ध्यानात धरावे, कारण ती एकाएकी सोडली तर भलताच त्रास होतो.

सुईनेच गुण आला का? खरे सांगायचे तर मला ठामपणे म्हणता येत नाही. २०१२ साली कॉक्रेन संस्थेने निद्रानाशावरील तेहतीस चाचण्या तपासल्या आणि पुरावा पुरेसा भक्कम नाही, असा निष्कर्ष काढला. खोटी सुई लावलेल्यांनाही काही वेळा बरे वाटते. माझ्या मनात आणखी एक शंका आहे. लग्नानंतर भर दुपारी अर्धा तास मला कोणी हाक मारली नाही, असे त्या टेबलावर प्रथमच घडले. त्यातला किती गुण सुईचा आणि किती त्या न मारलेल्या हाकेचा, देव जाणे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी एवढे पाहावे: सुई नवीन, एकदाच वापरायची, आपल्यासमोर पाकीट फोडलेली असावी, नाहीतर कावीळ घरी यायची. या उपचाराला महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, २०१५ चा. तेव्हा नोंदणी विचारायला संकोच नको. गर्भारशीने घोट्यावरची जागा टोचूही नये, दाबूही नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर सुईच्या नादी न लागता इस्पितळ गाठावे. आणि रोज एकाच वेळी उठण्याची शिस्त, तिला तर पैसाही पडत नाही.

शेवटच्या दोन-तीन खेपांना आईही माझ्याबरोबर आली. ऐंशीला टेकली होती. "मला पण टोचा," म्हणाली. बाईंनी हसत दोन सुया लावल्या. पाच मिनिटांत ती घोरू लागली. अर्धा तास झाला, सुया काढल्या, तरी उठेना. पुढच्या रोग्याला बाहेर बसवून बाईंनी तिला तशीच राहू दिली. तास-सव्वा तासाने ती दचकून उठून बसली, इकडेतिकडे पाहिले आणि घाबऱ्या घाबऱ्या मला विचारले, "अगं, पाणी आलं का?"