तारेचे अलीकडचे टोक : टेलिमेडिसिन, लायडन ते देऊळघाट

१/ थ्रेड. वर्ष १९०५, नेदरलँड्समधील लायडन. हृदयाचे स्पंदन नोंदवणारे विलेम आइन्थोव्हेन यांचे यंत्र इतके अवजड होते, की ते रुग्णालयात हलवणे अशक्य. तेव्हा त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून स्पंदनेच टेलिफोनच्या तारेने प्रयोगशाळेत आणली.

२/ या प्रयोगात रुग्णाचे हात मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले असत. ते नीट ठेवायला रुग्णाजवळ कोणीतरी लागणारच. यंत्राच्या कौतुकात हे अलीकडचे टोक विसरले जाते, आणि पुढची सारी अडचण तेथेच आहे.

३/ देऊळघाट हे पैनगंगेच्या उगमाकडील गाव. बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय येथून जवळ. दूर आहे तो विशेषज्ञ. आजार बळावला की वाट छत्रपती संभाजीनगरच्या 'घाटी'ची, नाहीतर अकोल्याची. बसभाडे, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचा वाया गेलेला दिवस : औषधाच्या चिठ्ठीआधीच खर्च सुरू झालेला असतो.

४/ २००१ मध्ये इस्रोने चेन्नईचे रुग्णालय आंध्रातील अरगोंडा गावाशी उपग्रहाने जोडले. महाराष्ट्रात २००७ च्या सुमारास मुंबईचे केईएम रुग्णालय काही जिल्हा रुग्णालयांशी जोडले गेले. सोय मोठीच, पण गावकऱ्याला जिल्ह्याचे ठिकाण गाठणे चुकले नाही.

५/ फोन तर घरोघरी होता. मग त्यावरून उपचार का नाहीत? जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या एका डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टर गैरहजर असताना फोनवरील सूचनांवरून दाखल केलेल्या महिलेचा पुढे मृत्यू झाला होता. वैद्यकवर्तुळात धास्ती पसरली. फोनवरील सल्ल्याचे स्पष्ट नियमच नव्हते. ते आले २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. कोणते औषध दुरून लिहावे, कोणते व्हिडिओवर रुग्णाला पाहिल्यावरच आणि कोणते मुळीच नाही, हे त्यांत ठरले.

६/ १३ एप्रिल २०२० पासून 'ई-संजीवनी'वर घरबसल्या डॉक्टर भेटू लागला. तिचा दुसरा मार्ग नोव्हेंबर २०१९ पासूनचा, आणि अधिक मोलाचा : आरोग्यवर्धिनी केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब, साखर मोजतो आणि रुग्णासह पडद्यासमोर बसतो. मधुमेहाची गोळी बदलायला एवढे पुरते. सर्पदंशाला किंवा अडलेल्या बाळंतपणाला नाही. आणि हे पद रिक्त असेल, तर पलीकडच्या डॉक्टरला रुग्णाचा चेहरा दिसतो, पण त्याच्या पोटावर हात ठेवून कोठे दुखते हे सांगणारे जवळ कोणी नसते.