रताळ्याचं शेत आणि पिवळं कापड



इतिहास लिहिणारा माणूस आधी कागद शोधतो. पण कागदाला सगळं ठाऊक असतंच असं नाही. एका विमान-अपघाताच्या हकीगतीतून ही गोष्ट फार स्पष्ट दिसते, म्हणून आज ती आपल्यापुढे ठेवतो.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला न्यू गिनी नावाचं प्रचंड बेट आहे. त्याचा पश्चिम भाग दुसऱ्या महायुद्धाच्या काळी डचांच्या ताब्यात होता. आज तो इंडोनेशियात आहे. तिथं किनाऱ्यावर हॉलंडिया येथे अमेरिकन सैन्याचा मोठा तळ होता. १३ मे १९४५ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास त्या तळावरून एक सी-४७ विमान उडालं. आपण ज्याला डाकोटा म्हणतो, ऑक्टोबर १९४७ मध्ये ज्यातून आपले जवान श्रीनगरला उतरले, त्याच जातीचं हे विमान. आत २४ माणसं होती. त्यांत सैन्यातल्या ९ स्त्रिया. कागदावर उड्डाणाचं कारण लिहिलं होतं 'मार्ग शोधण्याचं प्रशिक्षण'. प्रत्यक्षात ती होती रविवारची सहल. डोंगरांच्या आतलं बालिएमचं खोरं सगळ्यांना पाहायचं होतं. वरिष्ठ वैमानिकाने आपल्या हाताखालच्या लोकांना हा विरंगुळा देऊ केला होता.

आता तो मुलूख डोळ्यांपुढे आणा. दहा हजार फुटांवर चढलेले डोंगर, त्यांच्यावर दाट रान, आणि दुपार कलू लागली की चढणारे ढग. अशा अरुंद दरीत विमान खालून शिरलं की वळायला जागा उरत नाही, आणि समोरचा चढ विमानाच्या चढण्यापेक्षा वेगाने वर येतो. अपघाताच्या वेळी वरिष्ठ वैमानिक मागे प्रवाशांत गेले होते आणि सुकाणू सहवैमानिकाच्या हाती होतं. विमान डोंगरावर आदळलं व पेटलं. पाचजण जिवंत बाहेर आले. त्यांतल्या दोन स्त्रिया लवकरच दगावल्या. उरले तिघे : लेफ्टनंट जॉन मॅककॉलम, सार्जंट केनेथ डेकर आणि कॉर्पोरल मार्गारेट हेस्टिंग्ज. मॅककॉलमचा जुळा भाऊ त्याच विमानात होता, तो गेला. डेकरचं डोकं फुटलं होतं, हेस्टिंग्जचे पाय भाजले होते. खायला होत्या फक्त साखरेच्या गोळ्या.

त्या रानात वरून शोधणाऱ्या विमानाला माणूस दिसणंच शक्य नव्हतं. तिघेही ओढ्याओढ्याने, धबधबे उतरत, खरडत निघाले आणि एका मोकळ्या जागी पोचले. ते होतं रताळ्याचं शेत! तिथल्या याली लोकांनी रान तोडून ते केलं होतं. त्या उघड्या जमिनीवर त्यांनी पिवळं कापड पसरलं आणि १६ मे रोजी एका विमानाने ते पाहिलं. परक्या शेतकऱ्याने आपल्या पोटासाठी साफ केलेल्या तुकड्याने तीन जीव वाचवले.

शेताचे मालकही तिथं आले. आकाशातले लोक दोरावरून खाली येतील अशी त्यांच्याकडे जुनी कथा होती. तेव्हा भीती दोन्हीकडे होती. मॅककॉलमने सोबत्यांना सांगितलं, हसा. आडव्या पडलेल्या ओंडक्यावर तो एका टोकाने, तर विमायुक वांदिक हा त्यांचा पुढारी दुसऱ्या टोकाने चालत आला आणि मधोमध दोघांनी हात धरले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.

पुढे फिलिपिनो वंशाचे दोन सैनिक-वैद्य, बुलाताओ आणि रामिरेझ, हवाई छत्रीने त्या डोंगरात उतरले. सडू लागलेले पाय त्यांनी वाचवले. चालण्याइतकी ताकद आल्यावर सगळे मुख्य खोऱ्यात आले. तिथं इंजिन नसलेलं विमान, म्हणजे ग्लायडर, उतरवण्यात आलं. आणि वरून जाणाऱ्या डाकोटाने आकड्याने त्याचा दोर उचलून २८ जून १९४५ रोजी तिघांना बाहेर काढलं.

वार्ताहरांनी त्या खोऱ्याला 'शांग्रि-ला' म्हटलं. जणू जगापासून लपलेला स्वर्गच! पण लपलेला कोणापासून? १९३८ साली रिचर्ड आर्चबोल्ड या अमेरिकन संशोधकाने विमानातून तिथली आखीव शेतं आणि चर पाहिले होते. हजारो लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथं नांदत होते. त्यांच्यात लढायाही होत. स्वर्ग वगैरे काही नव्हता.

शिक्षकबंधूंना एवढंच सांगावंसं वाटतं : 'अमक्याने अमका प्रदेश शोधला' असं वाक्य पाठ्यपुस्तकात आलं, की मुलांना विचारा, तिथं आधी शेत कोण करीत होतं? प्रशिक्षण म्हणून नोंदलेल्या त्या उड्डाणात २१ माणसं गेली. तिघे परत आले, त्यात शूर सैनिकांचा वाटा आहे. तसाच रताळी लावणाऱ्या माणसांचाही आहे. उड्डाणाच्या कागदावर तो कोणी लिहिला नव्हता.