उजळणी: पुन्हा पुन्हा सापडलेला आणि हरवलेला एक निष्कर्ष

गेल्या डिसेंबरात मामीचा फोन आला. मामेभाऊ बारावी सायन्सला, प्रिलिम तोंडावर आलेली. "अगं, दिवसभर पुस्तक घेऊन बसलेला असतो, पण काही विचारलं की ततपप. तू एवढी पीएचडी करतेस, तूच सांग ना त्याला काहीतरी." मी रसायनशास्त्रातली. अभ्यास कसा करावा या विषयात माझी पात्रता एवढीच की मी स्वतः बरेच पेपर दिलेत. मी त्याला तेच सांगितलं जे मला माझ्या बारावीत सगळ्यांनी सांगितलं होतं: "अजून एकदा नीट वाचून काढ." त्याने ऐकलं. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा धडा त्याने पाचव्यांदा वाचला, पिवळ्या हायलायटरने रंगवला, आणि प्रिलिमला त्याच धड्यावरच्या प्रश्नापुढे अर्धं पान कोरं ठेवून आला.

मग अपराधी वाटून मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. या विषयावर संशोधन काय म्हणतं ते शोधलं. आपल्याला सवय असते की गेल्या पाच-सात वर्षांचे पेपर काढले की काम भागतं. इथे मात्र एकेका संदर्भाचा माग काढत मी मागे मागे जात राहिले, आणि लक्षात आलं की एकच निष्कर्ष १९१७ मध्ये सापडलाय, १९३९ मध्ये सापडलाय, २००६ मध्ये परत सापडलाय, आणि दर वेळी लोकांना तो नवीन वाटलाय. हा इतिहास तुम्हाला सांगावासा वाटला, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कोणीतरी दहावी-बारावीला असणार, आणि 'हुशार ताई-दादा' म्हणून तुम्हालाही असा फोन येणारच.

सुरुवात हर्मन एबिंगहाउसपासून करू. जर्मन माणूस. १८७९-८० मध्ये आणि पुन्हा १८८३-८४ मध्ये त्याने स्मरणावर प्रयोग केले, ते फक्त एकाच व्यक्तीवर: स्वतःवर. अर्थ असलेले शब्द घेतले तर जुन्या आठवणी मध्ये येणार, म्हणून त्याने सुमारे २,३०० अर्थहीन अक्षरगट तयार केले. त्यांच्या याद्या करायच्या, ठरावीक लयीत वाचायच्या, बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ करायच्या, आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. १८८५ मध्ये हे सगळं पुस्तकरूपात आलं.

इथे जरा थांबते, कारण या कामाचं जे भूत करून ठेवलंय ते संशोधनाकडे वळणाऱ्यांनी बघण्यासारखं आहे. 'माणूस एका दिवसात शिकलेलं जवळपास ७० टक्के विसरतो' हे वाक्य तुम्ही कुठल्या तरी व्हिडिओत नाहीतर क्लासच्या जाहिरातीत ऐकलं असेल. एबिंगहाउसचा एका दिवसानंतरचा आकडा साधारण ३४ टक्के आहे. पण तो 'किती आठवलं' याचा आकडाच नाही! पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले, याचा तो आकडा आहे. तोही अर्थहीन अक्षरांचा, आणि एकाच माणसाचा. त्याच पुस्तकात तो सांगतो की अर्थपूर्ण कविता पाठ करायला त्याला साधारण एक दशांश श्रम पुरले. म्हणजे तो आलेख उचलून बारावीच्या जीवशास्त्रावर चिकटवणं म्हणजे एककं न बघता आकडे बेरजेला घेण्यासारखं आहे. अर्थात वक्राचा आकार खोटा नाही. २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये मुरे आणि ड्रोस यांनी हा प्रयोग पुन्हा केला, तोही एकाच माणसावर आणि सुमारे ७० तास खर्चून, आणि वक्र बऱ्यापैकी तसाच आला. आधी झपाट्याने घसरण, मग हळूहळू.

बारावीच्या पोराला खरं उपयोगी पडेल ते एबिंगहाउसच्या वेगळ्याच निष्कर्षात आहे. बारा अक्षरगटांची यादी आदल्या दिवशी सलग ६८ वेळा घोकून जो फायदा झाला, तेवढाच फायदा तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांनी झाला. जवळजवळ निम्म्यात काम. अभ्यास पसरून करावा हे आपल्याकडे कुठल्याही मास्तरांनी सांगितलेलं असतं. इथे त्याचा हिशेब मिळतो.

आता दुसरा धागा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. फ्रान्सिस बेकनने १६२० मध्येच लिहून ठेवलंय की उतारा वीस वेळा वाचण्यापेक्षा दहा वेळा वाचून, मधून मधून आठवून म्हणून बघितला तर लवकर पाठ होतो. ते निरीक्षण होतं. मोजमाप केलं आर्थर गेट्सने, कोलंबिया विद्यापीठात, १९१७ मध्ये. (हे त्याचं पीएचडीचं काम. थिसिस कोण वाचतो असं म्हणणाऱ्यांसाठी.) त्याने शाळेतल्या मुलांना वेळ ठरवून दिला आणि त्यातला किती वेळ वाचायचं, किती वेळ मान वर करून आठवून म्हणायचं, हे प्रमाण बदलत नेलं. निम्म्याहून अधिक वेळ आठवून म्हणण्यात घालवणारी मुलं सरस ठरली.

त्यानंतर १९३९ चा हर्बर्ट स्पिट्झर. हा पेपर मला सगळ्यात आवडला. आयोवा राज्यातल्या नऊ शहरांमधल्या ९१ शाळा, सहावीची ३,६०५ मुलं. संगणक नाही, फोटोकॉपी नाही, आणि सँपल एवढं! मुलांना वाचायला दिलेले लेख कशावर होते? भुईमूग आणि बांबू. आपल्याकडच्या झेडपीच्या शाळेतही चाललं असतं. मुलांचे गट पाडले, प्रत्येक गटाची चाचणी वेगवेगळ्या दिवशी घेतली, आणि हे ६३ दिवसांपर्यंत चालवलं. ज्यांची पहिली चाचणी वाचल्यावर लगेच किंवा दुसऱ्या दिवशी झाली, त्यांच्या पुढच्या विसरण्याला लगाम बसला. उत्तरं बरोबर की चूक हेही मुलांना सांगितलं नव्हतं. नुसतं आठवून बघण्यानेच हे घडलं. पण ज्यांची पहिली चाचणी दोन-तीन आठवड्यांनी झाली, त्यांना त्या चाचणीचा फारसा उपयोग झाला नाही. जे आठवायचं ते तोवर डोक्यातून गेलेलंच होतं.

आपलं वर्ष यावर ठेवून बघा. जूनमध्ये धडा शिकवला जातो. पोरगं तो 'नंतर रिव्हिजनला करू' म्हणून सोडतं. रिव्हिजन दिवाळीनंतर. त्या धड्यावरचा पहिला गंभीर प्रश्न त्याला पडतो तो प्रिलिममध्ये. स्पिट्झरच्या हिशेबाने हे उशिराच्याही उशिरा झालं. आणि या काळात पोरगं आळशी होतं असं अजिबात नाही, ते रोज वाचतच होतं.

एवढा मोठा अभ्यास, तरी पुढची कित्येक दशकं त्याची फारशी चर्चा झाली नाही. का? एक कारण मला असं वाटतं: शाळेत परीक्षा म्हणजे मोजपट्टी. मोजपट्टी लावल्याने उंची वाढते असं कोणी म्हणालं तर आपण हसू. परीक्षेकडे शिकण्याचं साधन म्हणून बघणं शाळांनाही अवघड गेलं आणि घरांनाही.

दुसरं कारण २००६ च्या पेपरमध्ये आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिकी. १८० विद्यार्थी, छोटे उतारे (एक सूर्यावर, एक समुद्री ऑटरवर), चार फेऱ्या. एका गटाने चारही फेऱ्यांत उतारा वाचला. दुसऱ्याने एका फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे: ८३ टक्के, तर आठवणारे ७१ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि आठवणारे ६१ वर राहिले. वाचणाऱ्या गटाने उतारा सरासरी १४.२ वेळा वाचला होता, आठवणाऱ्यांनी जेमतेम ३.४ वेळा. आणि 'आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?' असं विचारल्यावर जास्त आत्मविश्वास कुणाला होता? वाचणाऱ्यांना!

हा उलटा आलेख बघितला आणि माझ्या भावाची पाच वाचनं मला कळली. पाचव्या वाचनाला धडा ओळखीचा वाटतो, डोळे सरसर पुढे सरकतात, आणि ती ओळख म्हणजेच 'येतंय' असं मन समजून चालतं. शिवाय त्याच्याकडे पुरावाही असतो. क्लासची दर रविवारची टेस्ट शनिवारी रात्री वाचून छान जाते. पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत वाचणारेच पुढे असतात. म्हणजे मुलं मूर्खपणा करत नाहीत, कमी अंतराच्या प्रयोगाचा निकाल लांबच्या परीक्षेला लावतात. आणि हे बारावीपुरतं नाही. २००९ मध्ये याच मंडळींनी १७७ कॉलेज विद्यार्थ्यांना अभ्यासाची पद्धत विचारली, तर सुमारे ८४ टक्के नोट्स पुन्हा वाचत होते आणि स्वतःची परीक्षा घेणारे जेमतेम ११ टक्के होते.

आता जागरणाबद्दल, कारण मामीचा दुसरा प्रश्न तोच होता. १९२४ मध्ये कॉर्नेलला जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना अक्षरयाद्या पाठ करायला लावल्या. कधी त्यानंतर झोपू दिलं, कधी जागं ठेवलं. झोपेनंतर विसरणं कमी निघालं. सँपल दोनच, आज कुठलाही रिव्ह्यूअर परत पाठवेल, पण झोप आणि स्मरण यांवरचं पुढचं बरंच काम त्या रस्त्याने गेलं. किशोरवयात झोप लागण्याची वेळच पुढे सरकते, हे मेरी कार्सकाडन यांच्या कामातून नंतर दिसलं. त्यामुळे 'दहाला झोप आणि चारला उठ' हा आमच्या घरचा मंत्र सतरा वर्षांच्या शरीराला दोन्हीकडून कापतो: दहाला झोप येत नाही, आणि चारला उठून उरलीसुरलीही जाते. हे मी मामीला सांगितलं. मामीने ऐकलं, पण पटलं असं वाटलं नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. यातले बरेच प्रयोग याद्यांवर किंवा उताऱ्यांवर आहेत. फिजिक्सची गणितं ही वेगळी बाब. तिथे 'आठवणं' म्हणजे सोडवलेलं उदाहरण झाकून ते स्वतः सोडवणं. आणि ज्याला संकल्पनाच कळलेली नाही त्याला रोज प्रश्न विचारून काही साधत नाही, आधी कोणीतरी समजावलं पाहिजे. घरच्यांना एक भीतीही असते, की सतत विचारलं तर मूल दडपणाखाली येईल. वर्गात अशा बिनधाकाच्या चाचण्या नेहमी होत होत्या, अशा १,४०८ शाळकरी मुलांना २०१४ च्या एका पाहणीत विचारलं, तेव्हा ७२ टक्के म्हणाली की यामुळे परीक्षेची धास्ती कमी झाली. हे मुलांचं स्वतःचं म्हणणं आहे, तेवढंच वजन द्यायचं. पण यातला 'बिनधाकाच्या' हा शब्द महत्त्वाचा. वडिलांनी दारातून येता येता फेकलेला प्रश्न ही उलटतपासणी होते.

गंमत म्हणजे आपल्या घरांमध्ये याची एक रीत होती. संध्याकाळी दिवा लागला की परवचा: पाढे, श्लोक, सगळं पुस्तक न उघडता मोठ्याने म्हणायचं. 'उजळणी' हे नाव पाढ्यांच्या पुस्तकालाही होतं. ती पद्धत मला आदर्श वाटत नाही. अर्थ न कळता म्हटलेल्या गोष्टींचं काय होतं हे आपण सगळ्यांनी भोगलंय, आणि चुकलं की पाठीत धपाटाही असायचा. पण ऐकणाऱ्या आजीला स्वतःला वाचता येत नसलं तरी चालायचं, ही त्यातली गोष्ट मला आता दिसते.

म्हणून मामाला कामाला लावलं. मामाचं सायन्सशी देणंघेणं नाही, तो दुकान सांभाळतो. काम एवढंच: रात्री दुकान बंद करून आला की भावाने त्या दिवशी केलेल्या धड्याचं पुस्तक मामाच्या हातात द्यायचं, मामाने त्यातले ठळक शब्द एकेक करून वाचायचे, आणि भावाने त्याबद्दल आठवेल ते सांगायचं. दहा मिनिटं. बरोबर की चूक हे मामाने ठरवायचं नाही. अडलं तिथे पेन्सिलीने टिंब करायचं आणि पुस्तक परत द्यायचं. तीन-चार दिवसांनी फक्त टिंबांची फेरी. शब्दांचे उच्चार मामा असे काही करायचा की पहिला आठवडा दोघं हसण्यातच गेला.

जानेवारीच्या शेवटी भावाचा मेसेज आला: "ताई, बाबा आता जेवतानाही विचारतात. त्यांना सांग." मी मामाला फोन केला. ताटावर प्रश्न बंद, असं ठरलं. मामा म्हणाला, "बरं. पण ते गॅल्व्हानिक सेलचं मला आता समजलंय, ते तरी विचारू दे."